घडीचा चाकू : निवड, धार आणि निगा

टाक आणि पुढे झरणी प्रचारात येण्यापूर्वी मोडी लिहिणाऱ्या कारकुनाच्या सामानात बोरू व दौत यांच्या जोडीला एक लहानसे पाते असे. त्यास कलमतराश म्हणत. लिहिता लिहिता बोरूचे टोक झिजे आणि ते पुनःपुन्हा तासून, मधोमध चीर पाडून घ्यावे लागे. पाते बोथट असले तर चीर वाकडी जाई, शाई फुटे आणि अक्षर बिघडे. चांगले पाते ही त्या काळी चैनीची वस्तू नव्हती. सुवाच्य लेखनाची ती अट होती. बोरू गेला, कलमतराश हा शब्दही आता बहुतांशी कोशापुरता उरला. परंतु खिशात मावेल आणि मिटवून ठेवता येईल असे पाते लागण्याचे प्रसंग मुळीच कमी झालेले नाहीत.

शेतकऱ्यास खताच्या पोत्याची शिवण उसवावयाची असते, सुतळी तोडावयाची असते, ठिबकाची नळी कापावयाची असते, केळीचे पान काढावयाचे असते. शिक्षकास पुठ्ठा, कागद व पेन्सिल यांसाठी, तर कचेरीत टपालाच्या व दप्तराच्या गठ्ठ्यांसाठी पाते लागते. असे असूनही चाकूची खरेदी बहुधा जत्रेतील एखाद्या पथारीवर किंवा म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात, पात्याची चकाकी पाहून दोन मिनिटांत उरकली जाते. शंभर-दीडशे रुपयांच्या वस्तूसाठी अधिक विचार कशाला, अशी समजूत त्यामागे असते. ही समजूत महागात पडू शकते. खिळखिळ्या सांध्याचा चाकू शहाळ्यात खुपसला असता पाते उलट मिटते आणि तर्जनीच्या पेरावर येते. बोटाच्या आतील बाजूने जाणारी कंडरा तुटली, तर जखम भरून आली तरी शस्त्रक्रियेवाचून ते बोट पुन्हा वळत नाही. ज्याचे पोट हातावर आहे, त्याच्या बाबतीत ही किंमत शंभर रुपयांची राहत नाही.

आकार व रचना

घडीच्या चाकूचे अवयव थोडेच : पाते, मूठ, ज्यावर पाते फिरते ती रिवीट, आणि पाते उघड्या व मिटल्या स्थितीत धरून ठेवणारी योजना. नित्याच्या कामास सहा ते आठ सेंटिमीटर लांबीचे पाते पुरेसे होते. त्याहून लांब पाते खिशात अडचणीचे होते, आणि पेन्सिल किंवा फळ यांसारख्या बारीक कामात हाताच्या ताब्यात राहत नाही. पात्याची पाठ दोन ते अडीच मिलिमीटर जाड असावी. जाड पाते मजबूत असते असे मानून पुष्कळ लोक चार मिलिमीटरचे धूड पसंत करतात; पण असे पाते कापण्याऐवजी पाचरीप्रमाणे फाडत जाते. सफरचंदाची फोड त्याने कापली जात नाही, ती तुटते.

खरा भेद आहे तो पाते धरून ठेवण्याच्या योजनेत, आणि खरेदीच्या वेळी नेमके तिकडेच दुर्लक्ष होते. सर्वांत साधी योजना म्हणजे पाठीवरील कमानीची पट्टी. पात्याच्या बुडावर ही कमान दाब देत असते, त्यामुळे पाते उघडताना व मिटताना थोडा जोर लागतो. परंतु ते कुलूपबंद होत नाही. स्वित्झर्लंडमधील कार्ल एल्सेनर यांनी श्विट्झ परगण्यातील ईबाख येथे १८८४ साली कारखाना काढला आणि १८९१ पासून स्विस सैन्यास चाकू पुरविले. या कारखान्याचे, पुढे व्हिक्टोरिनॉक्स या नावाने जगभर गेलेले, बहुतेक लहान चाकू याच कमानीच्या पद्धतीचे आहेत. कापण्यासाठी ही योजना पूर्ण विश्वसनीय होय, कारण कापताना पात्यावर पडणारा दाब ते अधिकच उघडे ठेवतो. टोचण्यासाठी मात्र ती नव्हे. टोचताना अथवा अडकलेले पाते मागे ओढताना दाब उलट पडतो आणि तेव्हा कमान हार खाते.

दुसरी योजना कड्याची. फ्रान्सच्या सावोआ प्रांतात जोसेफ ओपिनेल यांनी १८९० च्या सुमारास बीच लाकडाच्या मुठीचा एक अत्यंत साधा चाकू घडविला. तो शेतकरी व गुराखी यांच्यासाठी होता आणि १८९७ पासून त्याचे क्रमांकवार आकार निघू लागले. १९५५ साली त्याच्या मानेवर फिरणारे कडे बसविण्यात आले. पाते उघडून कडे फिरविले की पात्याचा परतीचा मार्ग बंद होतो. सव्वाशेहून अधिक वर्षे हा चाकू जवळजवळ त्याच रूपात निघत आहे. पाते, लाकूड, रिवीट व दोन कडी एवढाच त्याचा पसारा असल्यामुळे त्यात बिघडण्यासारखे फारसे काही नाही. कोकणपट्टीच्या दृष्टीने त्याचा एक दोष मात्र सांगितलाच पाहिजे. पावसाळ्यात त्याची लाकडी मूठ फुगते आणि पाते खाचेत इतके घट्ट बसते की नखाने उघडत नाही. सावोआतील लोक अशा वेळी मुठीचा मागचा भाग टेबलावर हलकेच आपटतात, त्यासरशी पाते थोडे बाहेर येते. मूठ उन्हात पूर्ण वाळवून, सांध्याच्या जागी जवसाचे तेल दोन-तीन वेळा मुरविले असता हा त्रास पुष्कळ कमी होतो.

तिसऱ्या प्रकारात मुठीच्या आतील पोलादी पट्टी आडवी सरकून पात्याच्या बुडाशी येते, किंवा पाठीवरील दांडा खाचेत बसतो. अलीकडे चीनमधून येणाऱ्या स्वस्त चाकूंत आडव्या पट्टीचे प्रमाण मोठे आहे. त्यांतील काही खरोखर चांगले असतात. परंतु ही योजना अचूक घडणीवर अवलंबून असल्यामुळे स्वस्ताईचा पहिला फटका तिलाच बसतो : पट्टी बुडाच्या काठावर जेमतेम टेकते आणि जोर आला की निसटते. खोटे कुलूप हे कुलूप नसण्यापेक्षा वाईट, कारण त्यावर विसंबून माणूस अधिक जोर लावतो. शिवाय ही पट्टी बहुधा उजव्या अंगठ्याच्या सोयीने बसविलेली असते. डावखुऱ्या व्यक्तीने असा चाकू स्वतःच्या हाताने मिटवून पाहिल्याखेरीज घेऊ नये.

पोलाद

पोलादाचा कडकपणा मुख्यत्वे त्यातील कार्बनावर आणि त्यास दिलेल्या पाण्यावर, म्हणजे तापवून थंड करण्याच्या संस्कारावर, अवलंबून असतो. पात्याच्या पोलादात साधारणपणे अर्धा ते एक टक्का कार्बन असतो. न गंजणाऱ्या पोलादात त्याशिवाय किमान साडेदहा टक्के क्रोमियम लागते. पाते फार कडक केले तर धार पुष्कळ दिवस टिकते, पण ती लावणे कठीण जाते आणि कठीण वस्तूवर आदळताच कंगोरे उडतात. मऊ ठेवले तर धार लवकर वळते, परंतु दगडावर चार हात मारले की परतही येते. ज्याच्याजवळ साधा दगड आहे आणि विशेष साधने नाहीत, त्यास किंचित मऊ पाते अधिक सोयीचे. स्विस चाकूंचे पोलाद याच मध्यम कडकपणाचे असते.

साध्या कार्बनी पोलादास धार सुरेख लागते, यात शंका नाही. पण गोव्यासारख्या दमट व पावसाळी प्रदेशात, जेथे समुद्राची खारी हवा लोखंडास स्वस्थ बसू देत नाही, तेथे असे पाते रोज पुसून ठेवावे लागते. काजूच्या बोंडूचा, कैरीचा किंवा कोकमाचा आंबट रस लागला तर काही मिनिटांतच त्यावर काळा डाग उमटतो. हा डाग अपायकारक नसतो. तांबूस गंज मात्र पाते खातो. पुसण्याची सवय असणाऱ्याने कार्बनी पाते घ्यावे. इतरांनी स्टेनलेस घ्यावे, हेच व्यवहार्य.

पात्यावर कोरलेल्या मजकुराबद्दल दोन शब्द. ‘स्टेनलेस’ एवढेच लिहिलेले असले तर त्यातून कडकपणाविषयी काहीच कळत नाही. चमचाही स्टेनलेसच असतो. ‘स्विस’ या शब्दाचेही तसेच. नामांकित चाकूंच्या नकला उघड विकल्या जातात. दहा-बारा अवजारे एकाच मुठीत कोंबलेला आणि तरीही शंभर रुपयांस मिळणारा चाकू घेतल्यास त्यातील कात्री पहिल्या आठवड्यात व डबे फोडणारे पाते दुसऱ्या आठवड्यात निकामी झालेले दिसते. तेवढ्याच पैशात एका पात्याचा सरळ चाकू घेणे शहाणपणाचे. एका पात्याच्या चाकूत सारा खर्च पात्यावर व सांध्यावर झालेला असतो.

दुकानात करावयाची पारख

चाकू मिटलेला असताना वरून पाहावा. पात्याचे टोक मुठीच्या खाचेत पूर्ण बुडालेले असले पाहिजे; किंचितही वर डोकावत असेल तर ते खिशात हात घालणाऱ्याचे बोट कापील. पाते खाचेच्या मधोमध बसलेले असावे, एका अंगास घासत नसावे. नंतर पाते उघडून, टोक दोन बोटांत धरून डावीउजवीकडे हलवावे. नव्या चाकूत या दिशेने हालचाल जाणवता कामा नये. कुलूप असल्यास मुठीवरील बोटे पात्याच्या वाटेतून दूर ठेवून, पात्याची पाठ लाकडी फळीवर हळूहळू दाबून पाहावी. कुलूप सरकले तर चाकू तेथेच परत करावा. आपटून पाहण्याचे मात्र कारण नाही. त्याने चांगला सांधाही सैल होतो.

धार पाहण्यासाठी अंगठा फिरविण्याची पद्धत सर्वत्र दिसते. त्याऐवजी धार दिव्याखाली आपल्याकडे करून धरावी. खरी धार इतकी बारीक असते की तिच्यावरून प्रकाश परावर्तित होत नाही. जेथे ठिपका किंवा रेघ चमकते तेथे पाते बोथट आहे. दुकानातील नव्या चाकूची धार सहसा बेताचीच असते आणि ती घरी सुधारता येते. म्हणून धारेचा दोष क्षम्य, सांध्याचा नव्हे. मूठ ओल्या हातात निसटणार नाही अशी असावी. गुळगुळीत पितळी किंवा चकचकीत प्लास्टिकची मूठ दिसावयास देखणी, पण माशाच्या बाजारात निरुपयोगी.

कलमाचा चाकू वेगळा

बागायतदारांचा नेहमीचा प्रश्न असतो की, खिशातील हाच चाकू कलमे बांधण्यास चालेल काय? मानकुराद आंबा असो वा काजू, कलमाचे यश खुंट व काडी यांचे पृष्ठभाग सलग जुळण्यावर अवलंबून असते. मृदुकाष्ठ कलमात काडीस पाचरीसारखा आकार देऊन ती खुंटाच्या चिरेत बसवितात. पाचरीची बाजू जराशी जरी लाटेसारखी झाली तरी मध्ये पोकळी राहते, तेथे पाणी व बुरशी शिरते, आणि आठ-पंधरा दिवसांत काडी काळी पडते. दोष हवेला किंवा काडीला दिला जातो. तो कित्येकदा पात्याचा असतो.

परंपरागत कलमाच्या चाकूचे पाते धारेस सरळ व एकाच अंगाने तासलेले असते. दुसरे अंग सपाट असल्यामुळे ते लाकडावर रंध्याप्रमाणे टेकते आणि काप सपाट येतो. नेहमीचा चाकू दोन्ही अंगांनी तासलेला असल्याने कापताना आत किंवा बाहेर वळू पाहतो. एका अंगाचे पाते उजव्या व डाव्या हाताकरिता निरनिराळे लागते, हेही ध्यानात ठेवावे. डोळे भरण्याच्या चाकूस सालीची कड उचलण्यासाठी हाडाची, पितळेची वा प्लास्टिकची चपटी जीभ असते. असा चाकू कलमांसाठीच राखून ठेवावा. त्याने सुतळी किंवा पोते कापू नये. एका झाडावरून दुसऱ्याकडे जाताना पाते स्पिरिटने पुसून घेतल्यास रोगाचा प्रसार टळतो. कलमे बांधण्याची रीत प्रत्यक्ष पाहावयाची असल्यास जुने गोवे येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था आहे. विभागीय कृषी कार्यालयातही विचारणा करता येते.

कायदा काय म्हणतो

शस्त्र अधिनियम, १९५९ मधील ‘शस्त्र’ या शब्दाच्या व्याख्येतून केवळ घरगुती वा शेतीच्या उपयोगासाठी बनविलेल्या वस्तू वगळलेल्या आहेत. या अधिनियमाखालील नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची हत्यारे उल्लेखिलेली असून, तेथेही घरगुती, शेतीविषयक, वैज्ञानिक व औद्योगिक कामाची साधने वेगळी काढली आहेत. सात सेंटिमीटर पात्याचा फळे कापण्याचा घडीचा चाकू या मर्यादेच्या पुष्कळ आत बसतो.

तथापि एवढ्यावर निश्चिंत होऊ नये. अधिसूचना काढून एखाद्या प्रदेशापुरते अधिक कडक निर्बंध लावता येतात. दिल्लीमध्ये १९८० च्या अधिसूचनेने बटणाचे, गरारीदार व कमानीने आपोआप उघडणारे, ७.६२ सेंटिमीटर किंवा अधिक लांब आणि १.७२ सेंटिमीटर किंवा अधिक रुंद पात्याचे चाकू निर्बंधाखाली आणले. उत्तर प्रदेशातील रामपूर येथील चाकूंनी हिंदी चित्रपटांतून जी कीर्ती मिळविली, तिची सावली बिचाऱ्या फळे कापण्याच्या चाकूवरही पडली आहे. कट्‌ असा आवाज करून उघडणारे पाते पाहिले की पोलीस शिपायास, आणि प्रवासातील शेजाऱ्यासही, संशय येणे स्वाभाविक होय. नित्याच्या कामास झटक्याने उघडण्याची गरज नसते; दोन हातांनी, नखाच्या खाचेत नख घालून उघडावयाचा चाकू पुरेसा आहे आणि तो घेणेच इष्ट.

निवडणूक, मोठा उत्सव किंवा तणावाचा प्रसंग असता जिल्हा दंडाधिकारी हत्यारे बाळगण्यास मनाई करणारा आदेश काढू शकतात. पूर्वी हे आदेश फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली निघत. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतात. अशा दिवसांत चाकू घरी ठेवावा. न्यायालये व विधानसभा यांच्या प्रवेशद्वारी तो अडविला जातो. दाबोळी किंवा मोपा येथून विमानाने जाणाऱ्याने तो हातातील पिशवीत न ठेवता नोंदणी करून द्यावयाच्या सामानात ठेवावा; अन्यथा तपासणीच्या जागी तो सोडून द्यावा लागतो, आणि सोडलेला चाकू सहसा परत मिळत नाही. परदेशी जाणाऱ्यांनी तेथील नियम आधी पाहावेत. ब्रिटनमध्ये, उदाहरणार्थ, तीन इंचांपर्यंत पात्याचा व कुलूप नसलेला घडीचा चाकू बाळगता येतो. कुलूप असलेला मात्र सबळ कारणावाचून चालत नाही. म्हणजे येथे सुरक्षिततेसाठी पसंत केलेले कुलूप तेथे गुन्ह्याचे कारण होऊ शकते.

शाळेत विद्यार्थ्यांनी चाकू आणू नये, हा नियम योग्यच आहे. परंतु पाते हाताळण्याचे शिक्षण त्यामुळे कोठेच मिळत नाही, हीही वस्तुस्थिती आहे. जपानमध्ये हिगोनोकामी नावाचा पितळी मुठीचा अगदी स्वस्त घडीचा चाकू एके काळी शाळकरी मुलांच्या पेन्सिली तासण्याचे नित्याचे साधन होता. १९६० साली टोकियोत एका राजकीय नेत्याची भर सभेत सतरा वर्षांच्या मुलाकडून हत्या झाली. ती हिगोनोकामीने झालेली नव्हती; तरीही मुलांच्या हाती पाते नको अशी मोहीम उभी राहिली आणि तो चाकू दप्तरांतून नाहीसा झाला. पेन्सिल तासणे यंत्राकडे गेले. कार्यानुभवाच्या तासाला शिक्षकाच्या देखरेखीखाली चार गोष्टी शिकविणे अवघड नाही : पाते अंगापासून दूर चालवावे, दुसऱ्यास देताना मिटवून द्यावे, उघडा चाकू घेऊन चालू नये, निसटलेला चाकू झेलू नये. जखम झालीच तर स्वच्छ पाण्याने धुवावी, स्वच्छ फडक्याने दाबून धरावी, आणि धनुर्वाताच्या लशीबाबत आरोग्य केंद्रात विचारावे. बोट वाकेनासे झाल्यास किंवा बधिर वाटल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

धार व निगा

बोथट पाते धारदार पात्यापेक्षा अधिक अपघात करते, कारण त्यास जोर लावावा लागतो आणि जोरात निसटलेला हात आवरत नाही. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा, एक अंग खरबरीत व दुसरे मऊ असलेला दगड या कामास पुरतो. पाते दगडाशी प्रत्येक अंगाने वीस अंशांच्या आसपास कोनात धरावे. हा कोन डोळ्यांना कळावा म्हणून एक सोपी युक्ती आहे. कागदाचा काटकोनी कोपरा एकदा दुमडला की पंचेचाळीस अंश होतात, पुन्हा दुमडला की साडेबावीस. ती घडी दगडाच्या कडेला ठेवून पाते तिच्याहून किंचित खाली झुकवावे. भूमितीच्या तासालाही हे उदाहरण दाखविता येण्याजोगे आहे.

एका अंगाने घासत राहिल्यावर दुसऱ्या अंगास, बोटाला जाणवेल न जाणवेल अशी, पोलादाची सूक्ष्म कोर उलटते. ती बुडापासून टोकापर्यंत सलग आली म्हणजे त्या अंगाचे काम झाले. मग दुसरे अंग घ्यावे, आणि शेवटी मऊ बाजूवर आळीपाळीने हलके हात मारून ती कोर काढून टाकावी. जुन्या चामडी पट्ट्यावर पाते उलट दिशेने दहा-वीस वेळा ओढल्यास धार आणखी सुधारते. दगड नसेल तर चिनी मातीच्या कपाच्या तळाचे खरखरीत कडे अडीनडीस चालते. दारावर येणाऱ्या शिकलगाराकडून धार लावून घेण्यास हरकत नाही, पण चाकावर पाते फार वेळ दाबून धरू देऊ नये आणि मधूनमधून पाण्यात बुडविण्यास सांगावे. ठिणग्यांच्या झोतात पाते तापून त्याच्या कडेला निळसर झाक आली, की तेथील पोलादाचे पाणी उतरलेले असते. ती जागा पुन्हा कधीच धार धरीत नाही.

सांध्यास शिलाई यंत्राच्या तेलाचा एक थेंब महिन्यातून एकदा पुरे. खोबरेल वापरण्याचा प्रघात आहे. ते तात्पुरते ठीक, परंतु कालांतराने चिकट होऊन सांध्यात धूळ धरते. पात्यावर, विशेषतः त्याने फळे कापावयाची असल्यास, औषधाच्या दुकानातील लिक्विड पॅराफिनचा पातळ हात द्यावा. मिठाच्या पाण्यात किंवा माशाच्या कामात वापरलेला चाकू उघडून गोड्या पाण्याने सांध्यासह धुवावा व उघडाच वाळवावा. पावसाळ्यात चाकू चामड्याच्या म्यानात ठेवणे टाळावे. चामडे ओल धरून ठेवते, आणि गणेश चतुर्थीला माटोळीची फळे बांधण्यासाठी दोरी कापावयास चाकू बाहेर काढावा, तर पात्यावर म्यानाच्या शिवणीचा ठसा गंजाने उमटलेला दिसतो. तेल लावून, कोरड्या सुती फडक्यात गुंडाळून तो फडताळाच्या वरच्या कप्प्यात, मुलांच्या हाताबाहेर ठेवावा.